फक्त थंडीत बिघडणारा पंखा

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे यावर नोएडातल्या आमच्या ओळखीच्या मराठी माणसांचा विश्वास नाही, आणि त्याला कारण एका गाडीच्या हीटरचा पंखा आहे. मंडळाच्या गणपतीत माइक खरखरायला लागला की कुणीतरी हळूच म्हणतं, "यांना लांब ठेवा." घरी नळाचा वॉशर गेला की बायको प्लंबरला फोन करते आणि तो येऊन जाईपर्यंत मला भाजी आणायला पाठवते. माझी तक्रार नाही. पदवी खरी आहे, सांगलीला राहून रीतसर मिळवलेली आहे. पण ती मिळाली न मिळाली तोच सरकारी परीक्षा पास होऊन मी दिल्लीला आलो, आणि तेव्हापासून यंत्रांशी माझा सगळ्यात जवळचा संबंध म्हणजे फोटोकॉपीच्या मशीनमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं. तोही बहुतेक वेळा फाटतो.

तो पंखा ज्यांच्या गाडीत होता त्यांना आम्ही मालक म्हणत असू. गाडीचे मालक, म्हणून मालक. साहेब म्हटलेलं त्यांना चालत नसे. "साहेब तिकडे, पूल ओलांडल्यावर," म्हणायचे. पूल म्हणजे यमुनेवरचा, नोएडाहून दिल्लीत शिरताना लागतो तो. आमच्याच सोसायटीत पलीकडच्या इमारतीत ते एकटे राहत. मूळचे मालेगावकडचे. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. बायको नाशिकला शाळेत शिकवायची. तिने शाळा सोडून दिल्लीला यायचं नाही आणि यांनी दिल्ली सोडून नाशिकला जायचं नाही, असं लग्न झाल्याझाल्याच ठरलं होतं, आणि दोघांनीही ते अगदी प्रेमाने पाळलं होतं. सुट्टीत भेटायचे, रोज फोन करायचे. फोनवर बोलणं मात्र तिचंच जास्त असे. दिवसभर वर्गात बोलून तिला त्याची सवय झालेली, असं मालक म्हणत.

त्यांची एक जुनी, राखाडी रंगाची छोटी गाडी होती. रोज सकाळी ते आम्हा तिघांना तिच्यात घालून ऑफिसला नेत. मागच्या सीटवर मेश्रामबाई आणि शेख, पुढे त्यांच्या शेजारी मी. मेश्रामबाई नागपूरच्या, हिशेबखात्यात होत्या आणि गाडीत विणकाम करत. शेख सोलापूरचे, आकडेमोडीच्या खात्यातले, शांत माणूस. पण एकदा तोंड उघडलं की नेमकं बोलायचे. मेट्रो होती, आमच्या सोसायटीपासून लांबही नव्हती, आणि सुटायच्या वेळा वेगवेगळ्या म्हणून संध्याकाळी आम्ही तिनेच परत येत असू. पण मालक दारात गाडी आणून उभी करत आणि पेट्रोलचं नाव काढू देत नसत. त्याऐवजी त्यांना रोज प्रत्येकाकडून एक शब्द हवा असे. मराठी शब्द, आणि दिल्लीत आल्यापासून कानावर न पडलेला.

पहिल्या दिवशी मला वाटलं, गंमत करतायत. पण ते गाडी सुरू करून आरशात बघत म्हणाले, "हं, बाई." मेश्रामबाईंनी विणकाम खाली न ठेवता "सांभार" म्हटलं. नागपूरकडे कोथिंबिरीला म्हणतात. मालक इतके खूश झाले की पुढे कित्येक दिवस ते कोथिंबिरीला दुसरं काही म्हणेनात. शेख यांच्या घरी पूर्वी हातमाग होता, त्यामुळे त्यांच्याकडे मागाच्या शब्दांचा साठा होता. त्यांनी "धोटा" दिला आणि तो सूत घेऊन इकडून तिकडे कसा पळतो ते हाताने करून दाखवलं. माझी पाळी आली तेव्हा मी पुष्कळ विचार करून "उंबरठा" म्हणालो.

"हा पेपरात येतो," मालक म्हणाले. "बाद."

शब्द बाद झाला की शिक्षा होती: पुढची काच पुसायची. मी जवळजवळ रोज पुसत असे.

शब्द झाले की मालक बोलायला लागत. फोन बघायचा नाही, डुलकी घ्यायची नाही, एवढे दोनच नियम. ते बोलत म्हणजे गोष्ट सांगत, आणि गोष्ट सांगत म्हणजे ती संपवत नसत. त्यांच्या मामाने बाजारातून विकत घेतलेला एक बैल होता. तो सोमवारी बाजारातून निघायचा आणि शुक्रवारपर्यंत गोठ्यात पोहोचायचा नाही. वाटेत नदी लागायची, मामाची जुनी भानगड निघायची, बैल एका कीर्तनात शिरायचा. रंगात आले की मालक मागे वळून मेश्रामबाईंकडे बघून बोलत, आणि मग समोरचा रस्ता बघण्याचं काम मी करत असे. "मालक, बस," "मालक, सिग्नल," एवढंच माझं त्या गोष्टींमधलं योगदान. ऑफिस आलं की ते वाक्य अर्धं टाकून गप्प होत. आम्ही म्हणायचो, अहो पण पुढे काय झालं? ते म्हणत, "उद्या."

एकदा मला त्यांच्या मंत्रालयात काही कागद घेऊन जावं लागलं. त्यांच्या सेक्शनमध्ये गेलो तर मालक कोपऱ्यातल्या टेबलावर मान खाली घालून बसलेले. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली, कागद घेतले, सही केली, परत दिले. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं काही बिनसलंय. बाहेर आल्यावर त्यांच्याच सेक्शनमधल्या एका माणसाला विचारलं, साहेबांची तब्येत ठीक आहे ना? तो म्हणाला, "बिल्कुल ठीक है. वो तो बोलते ही नहीं." किती वर्षांपासून, असं विचारलं तर म्हणाला, मी आलो तेव्हापासून तरी.

दुसऱ्या दिवशी गाडीत बैल नदी ओलांडत होता आणि मालकांचा आवाज काचा बंद असूनही शेजारच्या रिक्षावाल्याला ऐकू जात होता. मला काही टोटल लागेना. विचारायचं धाडस झालं नाही.

आता पंखा. दिल्लीची थंडी ज्याने सोसली नाही त्याला एवढंच सांगतो की सकाळी गाडीत बसताना सीट ओली लागते आणि ती ओली नसते, नुसती गार असते. अशा थंडीत, दिवाळी सरली की मालकांच्या गाडीतला हीटरचा पंखा बसे. बटण कितीही फिरवा, घरघर नाही, हवा नाही. काचेवर आतून धुकं धरे. मालक रोज अर्धा कापलेला बटाटा डबीत घालून आणत. तो काचेवर घासला की धुकं कमी धरतं असा त्यांचा अनुभव होता. घासायचं काम अर्थात माझं. होळीच्या सुमाराला पंखा आपोआप सुरू होई. "उन्हाने मोकळा होतो," मालक म्हणत. उन्हाळाभर एसी उत्तम चाले. पुन्हा दिवाळी झाली की पंखा बसला.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी या विषयावर गाडीत छोटंसं व्याख्यान दिलं. थंडीत धातू आकसतो, आकसला की शाफ्ट जाम होतो, वगैरे. मालक इतक्या आदराने ऐकत होते की मी आकडे बनवून सांगायला लागलो. "बघा," ते मागे वळून म्हणाले, "शिकलेला माणूस." त्या वेळी मला हे सुचलं नाही की उन्हाळ्यात एसीची गार हवा आणि थंडीत हीटरची गरम हवा फेकणारा पंखा एकच असतो, आणि उन्हाळ्यात ठणठणीत असलेला पंखा दरवर्षी बरोबर दिवाळीनंतर आकसत नाही. कॉलेजात हे नक्की शिकवलं असणार. मी त्या दिवशी गैरहजर असेन.

मालक आमची काळजी मात्र फार घेत. मेश्रामबाईंचे गुडघे दुखत, म्हणून ते घरून गरम पाण्याची रबरी पिशवी भरून आणत आणि टॉवेलात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवत. शेख यांना माकडटोपी आणून दिली होती. मागच्या सीटवर दोन शाली, थर्मासमध्ये आल्याचा चहा. रोज पहाटे उठून एवढा खटाटोप करणारा माणूस गाडी गॅरेजमध्ये का नेत नाही, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. एकदा शेख कुडकुडत म्हणाले की मालक, आता हीटरचं काही बघायला हवं. मालक म्हणाले, "पानिपतावर काय हीटर होते?"

शेख यांनी माकडटोपी कानांवर ओढली. मग म्हणाले, "पानिपतावर आपण हरलो, मालक."

दुसऱ्या हिवाळ्यात मेश्रामबाईंचे गुडघे जास्तच धरले. गाडीतून उतरताना त्या दार धरून उभ्या राहत आणि मगच पाऊल टाकत. हे बघून मी जाहीर केलं की पंखा मी दुरुस्त करतो, रविवारी. मालकांनी उगाच आरसा नीट केला. मग म्हणाले, करू की, आपण दोघं मिळून करू.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही जमलो. मालकांनी सतरंजी, चहा आणि शेंगदाणे आणले होते, जणू सहलीला आलो होतो. मी मोबाइलवर बघून ठेवलं होतं: आधी फ्यूज. स्टिअरिंगखालची पेटी उघडली, एकेक फ्यूज काढून उजेडात धरला, पुसला आणि परत बसवला. सगळे शाबूत होते. पंखा चालला नाही. सोमवारी पुलावर एक ट्रक आडवा आला तेव्हा कळलं की आता हॉर्नही चालत नाही.

हॉर्नशिवाय दिल्लीत गाडी चालवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मालकांनी मात्र काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "ओ भाऊ, जरा सरका की, पोरांना उशीर होतोय." शुद्ध मराठीत. ट्रकवाला चकित होऊन सरकला. मालकांना याची इतकी गोडी लागली की हॉर्न दुरुस्त करायची त्यांना घाईच होईना. त्या दिवसांत ते थेट इंडिया गेटपर्यंत डोकं बाहेर काढून सगळ्या दिल्लीशी मराठीत बोलत होते. बस, स्कूटर, पोलीस, कुणाला सोडलं नाही. शेवटी मेश्रामबाईंनीच सोसायटीच्या गेटाबाहेरच्या मेकॅनिकला बोलावून आणलं. त्याने हॉर्न चालू केला आणि विचारलं, हीटर भी देख लूँ क्या? मालकांनी जोरजोरात मान हलवून त्याला घालवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आपल्या घरचा इंजिनियर असताना बाहेरचा कशाला, असं मग आम्हाला मराठीत समजावलं. माझी छाती फुगली. बायकोने त्याच दिवशी मला विचारलं होतं, की हॉर्न तुझ्यामुळे गेला हे खरं का?

पुढच्या रविवारी मी पंख्याच्या मोटरकडे जाणार होतो. ती डाव्या बाजूच्या खणामागे, पार खाली असते. तिथे पोहोचायला पाठीवर झोपून डोकं पाय ठेवायच्या जागेत घालावं लागतं. मी वाकतोय तोच मालक म्हणाले, मला वाटतं बटणच खराब असेल, वर्षानुवर्षं फिरवून फिरवून झिजलं असेल. मला तो विचार एकदम पटला, कारण बटण बसल्याबसल्या काढता येत होतं. बटण करोल बागेत मिळेल असं ठरलं आणि आम्ही दोघं मेट्रोने निघालो.

करोल बागेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानांच्या रांगाच्या रांगा आहेत. मालक प्रत्येक दुकानासमोर उभे राहून मला कोपराने ढोसत. मीच विचारायचं, मीच भाव करायचा. एका दुकानदाराने त्यांनाच विचारलं, "अंकल, गाड़ी कौन से साल की है?" मालकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कानात मराठीत साल सांगितलं. मी ते हिंदीत दुकानदाराला सांगितलं. दुकानदाराला वाटलं असावं की अंकल परदेशी आहेत.

बटण मिळाल्यावर आम्ही एका ठेल्यापाशी छोले-भटुरे खायला थांबलो, आणि तिथे मी शेवटी विचारलं. मालक हसले. भटुऱ्याचा तुकडा मोडत त्यांनी सांगितलं ते असं. ते दिल्लीला नवे आले तेव्हा वरच्या साहेबाने सगळ्या सेक्शनसमोर त्यांना प्रेमाने विचारलं, आपकी शिक्षा कहाँ हुई? मालक मालेगावकडून थेट आलेले. त्यांना कळलं एवढंच की साहेब शिक्षेबद्दल विचारतोय. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, नहीं साब, मुझे आज तक कोई शिक्षा नहीं हुई.

"हसले?" मी विचारलं.

"बराच वेळ," मालक म्हणाले. "बाजूच्या सेक्शनमधून लोक बोलावून आणले. मग कुणाचीही ओळख करून देताना मला बोलवायचे. हे बघा, यांची शिक्षा झालेली नाही."

तेव्हापासून त्यांनी ऑफिसात तोंड उघडणं सोडलं होतं. जी, अच्छा, फाइल रखी है, एवढ्यावर सगळी नोकरी काढली. काम चोख होतं, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. हिंदी कळायची सगळी, बोलताही येत असणार एव्हाना, पण तोंड उघडलं की तोच दिवस आठवायचा. भाजीवाल्याकडे ते बोट दाखवत. दूधवाल्याला भांडं दाखवत. मी खूप हसलो, कारण त्यांनी गोष्ट हसवण्यासाठीच सांगितली होती. शिवाय मी करोल बागेतून आणलेलं बटण त्या गाडीला बसत नव्हतं, हे मला घरी जाऊन कळायचं होतं.

तिसऱ्या रविवारी मी हट्टाला पेटलो. मालक चहा आणायला वर गेले तेवढ्यात मी खण काढून बाजूला ठेवला, पाठीवर झोपलो, डोकं खाली घातलं आणि टॉर्च तोंडात धरून वर बघितलं. पंख्याची मोटर दिसली. तिला वीज पोहोचवणारा प्लग तिच्यापासून वीतभर अंतरावर लोंबत होता. मला आधी आनंद झाला. खडखडाट होऊन निसटला असणार, एवढंच होतं तर! मग टॉर्च नीट धरली. निसटलेला प्लग स्वतःभोवती चिंधी गुंडाळून घेत नाही. या प्लगभोवती जुन्या पंच्याची स्वच्छ चिंधी होती, तो आपटून वाजू नये म्हणून, आणि वर एक सुबक गाठ होती.

मी तसाच पडून राहिलो. मालकांची पावलं आली, थांबली. थर्मास खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सापडला का?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते सतरंजीवर बसले. मी बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसलो. माझ्या केसांत कोळिष्टकं होती. त्यांनी ती हाताने काढली. मला राग यायला हवा होता, पण मला तीन रविवारचा स्वतःचाच चेहरा दिसत होता, फ्यूज उजेडात धरणारा. मी एवढंच विचारलं, का?

"गरम हवा लागली की तुम्ही झोपता," मालक म्हणाले. "पहिल्या वर्षी, तुम्ही नव्हता तेव्हा. मी पुलापासून इंडिया गेटपर्यंत बोलत गेलो. वळून बघितलं तर सगळे झोपलेले. कधीपासून ते मला कळलंही नाही." त्यांनी चहा ओतला, पण कप मला द्यायचा विसरले. "घरी एकटा असतो. तिकडे तर तुम्ही बघितलंच आहे. हा एवढा एक तास असतो माझ्याकडे मराठीत."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "लावून टाका. बाईंचे गुडघे बघवत नाहीत आता. मीच लावणार होतो, पण मग तुम्ही रविवारी आला नसता."

मी परत आत शिरलो आणि प्लग लावला. मालकांनी बटण फिरवलं. पंखा घरघरला आणि कडुलिंबाचा वाळका पाला आणि धूळ भसकन माझ्या तोंडावर आली.

सोमवारी गाडीत माझा सत्कारच झाला. मेश्रामबाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं नव्हतं हो. शेख यांनी माकडटोपी काढून नीट घडी करून मालकांना परत दिली. मी नम्रपणे म्हणालो की कनेक्शन सैल होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला इंजिनियर म्हणत होतं आणि त्यात थट्टा नव्हती. पायांवर ऊबदार हवा येत होती, काच लख्ख होती. मालकांनी बैल बाजारातून काढला. मामाने त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मागून शेख यांचं घोरणं ऐकू आलं. मालक थांबले. मी ठरवूनच आलो होतो की आपण जागं राहायचं. "मग?" मी म्हणालो. त्यानंतरची माझी आठवण इंडिया गेटची आहे.

सगळा आठवडा असाच गेला. एकदा वाटेतल्या आश्रम चौकाच्या सिग्नलला मला जाग आली. मागे दोघं झोपलेले, मेश्रामबाईंचं विणकाम खाली पडलेलं. सिग्नल हिरवा झाला होता आणि पुढची गाडी हलत नव्हती, पण मालक हॉर्न वाजवत नव्हते. मग त्यांनी हात पुढे केला आणि पंख्याचं बटण एक घर मागे घेतलं, घरघर कमी व्हावी म्हणून. माझे डोळे उघडे आहेत हे त्यांना दिसलं नाही. मी ते पुन्हा मिटून घेतले, आणि खरं सांगायचं तर लगेच परत झोपलो.

शुक्रवारी उतरताना मेश्रामबाई जांभई देत म्हणाल्या, "त्या बैलाचं काय झालं हो शेवटी?" शेख म्हणाले, मला वाटलं तुम्ही ऐकताय. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मालक गाडी लावायला पुढे गेले होते. मेश्रामबाई दार न धरता उतरल्या होत्या, पण फुटपाथवर उगाच रेंगाळल्या आणि म्हणाल्या, "ऊब आहे, पण करमत नाही बाई गाडीत."

रविवारी सकाळी मी मालकांच्या दारात गेलो आणि किल्ली मागितली. सांगितलं की खालून खडखड येतेय, बघून घेतो. मालकांनी किल्ली काढून हातात दिली. माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"टॉर्च घेऊन जा," ते म्हणाले. "आत अंधार असतो."

ते खाली आले नाहीत. चहाही आला नाही. मी पाठीवर झोपून प्लग काढला आणि घरून नेलेली चिंधी त्याला गुंडाळली. माझी गाठ त्यांच्यासारखी सुबक झाली नाही.

सोमवारी मालकांनी बटण फिरवलं. काही झालं नाही. त्यांनी ते पुन्हा फिरवलं, आणि मला वाटतं हे फक्त मागच्या सीटसाठी होतं.

"काय हो इंजिनियर," मेश्रामबाई म्हणाल्या, "आठवडाभरच?"

"मोटर गेली बहुतेक," मी म्हणालो.

"असू द्या," शेख माकडटोपी मागून घेत म्हणाले. "आम्हाला तशी फार आशा नव्हती."

मालकांनी खाली वाकून गरम पाण्याची पिशवी काढली आणि मागे दिली. ती भरलेली होती. मग डबी उघडून अर्धा बटाटा माझ्या हातात ठेवला. पुलापर्यंत ते काही बोलले नाहीत. पुलावर धुकं इतकं होतं की नदी आहे की नाही कळत नव्हतं. गाडीचा वेग कमी करून त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "हं. शब्द कुणी आणलाय आज?" कुणीच आणला नव्हता. तेव्हा त्यांनी मामाचा बैल पुन्हा बाजारातून, पहिल्यापासून काढला, आणि या वेळी तो गोठ्यात पोहोचला. आत शिरायला तयार नव्हता, म्हणून मामा स्वतः आधी आत जाऊन गव्हाणीपाशी बसला, मग तो गेला. हे आम्ही तिघांनी दात वाजवत ऐकलं.

माझी अब्रू त्या हिवाळ्यात गेली ती गेलीच. आठवडाभर चाललेला पंखा हा आमच्या मंडळात वाक्प्रचार झाला. कुणाच्या मुलाने व्यायाम सुरू केला की म्हणायचे, बघू, पंख्यासारखं नको व्हायला. मालक अशा वेळी हसत नसत आणि मला वाचवायलाही येत नसत. रविवारी मात्र ते थर्मास घेऊन आमच्या घरी यायला लागले. माझ्या मुलीला त्यांनी बसवून बसवून गव्हाण, कासरा, वेसण असे शब्द शिकवले. नोएडाच्या दहाव्या मजल्यावर तिला त्यांचा काय उपयोग, असं बायकोने मला विचारलं. पण विचारताना तीही तिथे बसूनच ऐकत होती.

पुढच्या वर्षी मालक निवृत्त झाले. ऑफिसातल्या निरोप समारंभात त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उठले, हात जोडले, धन्यवाद म्हणाले आणि बसले. आम्ही मराठी मंडळींनी सोसायटीच्या हॉलमध्ये वेगळा निरोप दिला. नाशिकहून त्यांच्या बायकोही आल्या होत्या. तिथे मालक उभे राहिले आणि इतका वेळ बोलले की चहा पुन्हा गरम करावा लागला. प्रत्येकाबद्दल बोलले: मेश्रामबाईंचा सांभार, शेख यांचा धोटा. त्यांच्या बायको पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे अशा बघत होत्या की हा माणूस कोण. शेवटी मालक माझ्याकडे वळले. "आणि हे आमचे इंजिनियर," एवढं म्हणाले तोच हॉलमध्ये हसू फुटलं. मालक ते ओसरेपर्यंत थांबले.

"मी आजवर पुष्कळ मेकॅनिक बघितले," ते म्हणाले. "पण गाडीत नेमकं काय बिघडलंय ते कळलेला हा एकच."

मग तर हॉलमध्ये हशाच पिकला. शेख यांना कप खाली ठेवावा लागला. माझी बायको डोळे पुसत होती. मीही सगळ्यांबरोबर हसलो. मालक तेवढे न हसता माझ्याकडे बघत उभे होते.